थांबावेसे वाटले, पण थांबले नाही

वाचकाचे पत्र

मी ४४ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी पत्ता विचारण्याच्या निमित्ताने जवळ आलेल्या एका माणसाने माझे मंगळसूत्र हिसकावून नेले. तेव्हापासून अनोळखी माणूस जवळ आला, की छातीत धडधडते. दारावरची बेल वाजली, तरी मी आधी सासूबाईंना मागे व्हायला सांगते. गेल्या महिन्यात शाळेतून स्कूटीवरून घरी येताना महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर एक तरुण मोटारसायकल घसरून पडलेला दिसला. भोवती आठ-दहा माणसे उभी होती. मी वेग कमी केला, पण थांबले नाही. पोलिसांचा ससेमिरा, दवाखान्याचे पैसे आणि ती अनोळखी गर्दी, सगळे एकदम डोक्यात आले. दुसऱ्या दिवशी कळले, की बराच वेळ त्याला कोणी हलवलेच नाही. शेवटी एका टेम्पोवाल्याने त्याला दवाखान्यात पोहोचवले. पाय मोडला, पण जीव वाचला. तो आमच्या शेजारच्याच गावचा आहे. वर्गात मी मुलांना परोपकार शिकवते आणि स्वतः मात्र निघून आले. माझी भीती कशी जाईल? मी थांबले असते, तर खरोखरच अडकले असते का? आणि त्या मुलाच्या घरी जाऊन माफी मागावी का?

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन अनोळखी माणसे आहेत आणि तुमच्या मनाने त्या दोघांना एकाच रांगेत उभे केले आहे. पहिला माणूस तुमच्याकडे चालून आला. त्याने रस्ता निवडला, वेळ निवडली, एकटी बाई निवडली आणि पत्ता विचारण्याचे निमित्तही आधीच तयार ठेवले. दुसरा ओल्या रस्त्यावर पडलेला होता. त्याने तुम्हाला निवडलेले नव्हते आणि तुम्ही त्या वाटेने येणार आहात, हे त्याला ठाऊकही नव्हते. फसवणारा सावज हेरून येतो. अपघातात सापडलेल्या माणसाला समोर कोण येईल, हे ठरवण्याची सोयच नसते. ‘माणसांवर विश्वास ठेवायला शिका’ असा सल्ला मी तुम्हाला देणार नाही, कारण तुमचे मंगळसूत्र खरोखर गेले आहे आणि त्यातून तुमच्या शरीराने जो धडा घेतला तो निराधार नाही. तो धडा कोणाला लागू करायचा आणि कोणाला नाही, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.

संकटाचे सोंग घेणारेही असतात, हे मान्यच आहे. पण त्यांची पारख वाटते तितकी अवघड नाही. खरी गरज असलेला माणूस मदतीच्या प्रकाराबाबत हट्ट धरत नाही. दाराशी आलेला कोणी ‘फोन करायचा आहे, जरा मोबाइल द्या’ म्हणाला, तर सेफ्टी डोअर न उघडता ‘नंबर सांगा, मी लावते आणि स्पीकरवर ठेवते’ असे सांगावे. स्टँडवर कोणी ‘पाकीट मारले गेले, गावी जायला भाडे द्या’ म्हणाला, तर ‘चला, आपण दोघे कंट्रोलरशी बोलू’ असे म्हणावे. खरोखर अडलेल्या माणसाला यात हायसे वाटते. सोंग घेणाऱ्याला नेमका मोबाइलच हातात हवा असतो किंवा नेमके रोख पैसेच हवे असतात, आणि ते मिळत नाहीत असे दिसले, की तो घाई करतो, चिडतो किंवा सटकतो. घाई करणे आणि इतर कोणाला मध्ये येऊ न देणे, या दोन खुणा पोलीस असल्याची बतावणी करून फोनवरून ‘डिजिटल अटक’ करणाऱ्या भामट्यांनाही जशाच्या तशा लागू पडतात. म्हणून मदत करताना आणखी एका माणसाला सामील करून घेण्याची सवय लावून घ्या. त्यात तुमचे रक्षणही होते आणि मदतही अधिक चांगली होते.

आता त्या संध्याकाळच्या गर्दीकडे वळू. आठ-दहा माणसे उभी आहेत, म्हणजे काहीतरी केलेच असेल, असे तुम्हाला वाटले असणार. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकालाही नेमके तेच वाटत होते. जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये या गोष्टीचा प्रयोगच करून पाहिला. एका खोलीत माणसाला प्रश्नावली भरायला बसवले आणि भिंतीतल्या झडपेतून धूर सोडला. माणूस एकटा असताना चारपैकी तिघांनी बाहेर जाऊन धुराची वर्दी दिली. पण शेजारी मुद्दाम स्वस्थ बसवलेली दोन माणसे असली, तर दहापैकी एकच उठला. खोली धुराने भरत होती, डोळे चुरचुरत होते, तरीही बाकीचे लोक शेजाऱ्याचा निर्विकार चेहरा पाहून लिहीत राहिले. ही माणसे वाईट नव्हती; ती एकमेकांकडे पाहून अंदाज बांधत होती आणि प्रत्येकाचा अंदाज दुसऱ्याच्या अंदाजावर उभा होता. तुमच्या सर्व्हिस रोडवर हेच घडले.

यावरून कलियुगाचा निष्कर्ष काढण्याची मात्र घाई नको. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन या तीन शहरांतील सार्वजनिक भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण तपासले गेले, तेव्हा दहापैकी सुमारे नऊ प्रसंगांत किमान एक तिऱ्हाईत मध्ये पडलेला दिसला. तुमच्याही गोष्टीत शेवटी टेम्पोवाला आलाच. गर्दीतील माणसांना बहुधा मदत करायची असते; सुरुवात कोणी करायची, एवढ्यावर घोडे अडलेले असते. त्यामुळे गर्दीला उद्देशून ‘अहो, कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा’ असे ओरडण्याचा उपयोग होत नाही. ‘अहो निळे शर्टवाले दादा, तुम्ही १०८ लावा आणि लागला की मला सांगा, आणि तुम्ही, छत्रीवाले काका, मागून येणाऱ्या गाड्या थांबवा’ असे बोट दाखवून सांगितले, की माणूस हलतो. तुम्ही शिक्षिका आहात. चाळीस-पन्नास मुलांच्या गोंगाटात नेमके नाव घेऊन काम सांगण्याचे कसब तुमच्या अंगी रोजच्या सरावाने मुरलेले आहे, आणि अपघाताच्या जागी सर्वांत मोठी उणीव याच कसबाची असते.

पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती तुमच्या एकटीची नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०१३ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत चारपैकी जवळपास तिघांनी आपण अपघातग्रस्ताला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले होते आणि त्यांतील बहुतेकांनी पोलीस चौकशी व कोर्टकचेरी हेच कारण दिले होते. ही संस्था पियूष तिवारी यांनी सुरू केली, तीही अशाच एका घटनेनंतर: २००७ मध्ये दिल्लीत त्यांच्या नात्यातील एक शाळकरी मुलगा घरी परतताना वाहनाच्या धडकेने जखमी झाला आणि लोक बघत असताना रस्त्याच्या कडेला मरण पावला. संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे देशभर बंधनकारक केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे नियमही जाहीर झाले.

तुमच्यापुरते त्याचे सार असे, की सद्‌हेतूने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता तुम्ही जखमीला मदत केली आणि त्या मदतीत काही चूक राहून त्याला इजा झाली किंवा तो दगावला, तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. नाव, पत्ता, फोन क्रमांक सांगण्याची सक्ती पोलीसही करू शकत नाहीत आणि दवाखानाही करू शकत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही, हे तुमच्या मर्जीवर आहे. तुम्ही राजी झालात, तर तुमच्या सोयीच्या वेळी आणि ठिकाणी जबाब घ्यावा, असे नियम सांगतो. दवाखान्याने तुम्हाला अडवून ठेवता कामा नये आणि तुमच्याकडे उपचाराचे पैसे मागता कामा नयेत. तातडीचा उपचार आधी आणि पोलिसांची कागदपत्रे नंतर, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले होते. आता जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा रोकडरहित उपचार देणारी केंद्राची योजनाही २०२५ पासून आली आहे, आणि गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला पंचवीस हजार रुपयांचे बक्षीसही आहे. बक्षिसासाठी कोणी थांबत नसते, हे खरे. पण ज्या कामासाठी सरकार पैसे देते त्या कामासाठी तुम्हाला कोठडीत बसवतील, ही भीती तरी त्यामुळे सोडून द्यायला हरकत नसावी.

कायदा कागदावर असतो आणि ठाणे अंमलदार खुर्चीवर असतो, असे तुम्ही म्हणाल, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. प्रत्येक पोलीस कर्मचाऱ्याला आणि दवाखान्याच्या प्रत्येक खिडकीवरील माणसाला हे नियम पाठ असतात, असे मी म्हणणार नाही. त्यासाठी एकच वाक्य तोंडात तयार ठेवा: ‘मी फक्त मदत करणारी आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे मला माझे नाव सांगायची सक्ती नाही.’ आवाज न चढवता, वर्गात सूचना देता तशा स्वरात सांगा. वाटल्यास नाव द्यायलाही हरकत नाही. पण ते भीतीपोटी देऊ नका.

थांबलात तर नेमके काय करायचे, हे माहीत नसणे, हे भीतीचे मोठे खाद्य आहे. म्हणून ते तपशिलाने सांगते. स्कूटी जखमीच्या पुढे काही अंतरावर, रस्त्याच्या पूर्ण कडेला लावायची आणि इंडिकेटर चालू ठेवायचा. जवळ जाताना समोरून जायचे, म्हणजे तुम्हाला पाहण्यासाठी तो मान वळवणार नाही. खाली बसून ‘दादा, मी इथेच आहे, मान हलवू नका, गाडी येते आहे’ असे सांगायचे आणि नाव विचारायचे. उत्तर आले, तर तो शुद्धीवर आहे आणि श्वास चालू आहे, हे दोन्ही कळते. हेल्मेट ओढून काढायचे नाही. श्वासच कोंडत असेल, तेव्हाच दोघांनी मिळून, एकाने मान धरून, ते हळू काढायचे. जखमेतून रक्त वाहत असेल, तर ओढणीची घडी करून तळहाताने घट्ट दाबून धरायची आणि थांबले का ते पाहण्यासाठी सारखी उचलायची नाही. कपडा भिजला, तर त्यावरच दुसरा ठेवायचा. पाणी पाजायचे नाही, हे मात्र गर्दीला निक्षून सांगावे लागते, कारण आपल्याकडे बाटली घेऊन धावणारा एक तरी भला माणूस असतोच. पुढे भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागली, तर तेच पाणी त्याच्या जिवावर उठू शकते. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत सुरू आहे. फोनवर गावाचे नाव, साताऱ्याकडून की पुण्याकडून येणारी बाजू आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा सांगितला, की गाडीला जागा शोधत फिरावे लागत नाही.

यातील निम्म्याहून अधिक गोष्टी जखमीला हात न लावता करता येतात, हे तुमच्या लक्षात आले असेल. तुम्हाला त्या गर्दीत शिरणे अगदीच अशक्य वाटले असते, तरी शंभर मीटर पुढे जाऊन, एखाद्या टपरीपाशी स्कूटी लावून १०८ ला फोन करणे शक्य होते. त्या दिवशी आठ-दहांपैकी कोणी फोन केला होता की नाही, हे तुम्हाला माहीत नव्हते; एकाच अपघातासाठी दोन फोन गेले, तर काही बिघडत नाही. ‘थांबायचे किंवा निघून जायचे’ अशा दोनच वाटा तुमच्या मनाने तेव्हा समोर ठेवल्या, आणि माझ्या मते मधली ही तिसरी वाट न सुचणे, हीच त्या संध्याकाळची खरी अडचण होती.

काही वेळा थांबू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. रात्रीची वेळ, निर्जन रस्ता, तुम्ही एकट्या आणि कोणी हात दाखवून गाडी थांबवू पाहत आहे, अशा वेळी थांबायचे नाही. वेग न सोडता पुढचा पेट्रोल पंप किंवा टोलनाका गाठायचा आणि तिथून ११२ ला जागा कळवायची. त्याने खरोखर मदतीसाठी हात केला असेल, तर पोलिसांची गाडी त्याच्या तुमच्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. भररस्त्यात मारामारी चालू असेल, तिथेही मध्ये पडायचे नाही. फोन करायचा आणि लांबून लक्ष ठेवायचे.

आता भीतीविषयी. ती आधी जाईल आणि मग मी मदत करू लागेन, असा क्रम तुम्ही मनाशी धरला आहे. तो सहसा उलटा असतो. अनोळखी माणसाशी रोज थोडे आणि सुरक्षित जागी बोलत गेल्याने ती धडधड कमी होते, घरात बसून विचार केल्याने नाही. शिकागोच्या लोकल गाड्यांतील प्रवाशांवर निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी केलेला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. शेजारच्या अनोळखी प्रवाशाशी बोललो, तर प्रवास कंटाळवाणा होईल, असा लोकांचा अंदाज होता. पण ज्यांना बोलायला लावले त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा अधिक चांगला गेला. आपल्या लाल परीत बसणाऱ्या कोणालाही हे शिकवायला शिकागोपर्यंत जाण्याची गरज नाही, पण तुमची ती सवय दोन वर्षांत तुटली आहे. भाजी मंडईत माळवे घेऊन बसलेल्या बाईंना पावसाचे विचारा, बँकेच्या रांगेत पुढच्या आजोबांना स्लिप भरून द्या, दिवसाउजेडी आणि चारचौघांत. पाकिटाकडे लक्ष ठेवूनच बोला. सावध राहूनही प्रेमाने बोलता येते. हे सगळे करूनही धडधड तशीच राहिली, झोप उडाली किंवा मंगळसूत्र ओढल्याचा तो क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत राहिला, तर १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनवर मराठीतून समुपदेशकाशी बोला. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

तुमच्या मोबाइलवरील ग्रुपमध्ये ‘सावधान, आपल्या भागात टोळी फिरत आहे’ छापाचे संदेश येत असतील, तर त्यांच्याबाबत मी अधिक कडक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते, पोट भरण्यासाठी गावोगाव भिक्षा मागत फिरणारे. आणि जमावाच्या हाती अफवेपलीकडे काहीही नव्हते. अनोळखी माणसाची भीती बाळगणारा स्वतःला नेहमी संभाव्य बळी समजतो, पण त्या दिवशी भ्यालेले लोक मारणारे ठरले. असा संदेश आला, तर तो पुढे पाठवू नका आणि पाठवणाऱ्याला ‘तारीख, गाव आणि पोलीस ठाणे कोणते?’ एवढेच विचारा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

राहिला माफीचा प्रश्न. त्या तरुणाला पाहायला जरूर जा. शेजारच्या गावातला आहे, पाय मोडून घरात पडला आहे. सासूबाईंना बरोबर घ्या आणि चार फळे घेऊन जा. पण ‘मी तुम्हाला पाहून निघून गेले’ असे सांगून माफी मागू नका. तुमच्या मनावरचे ओझे त्याने उतरवावे, अशी ती मागणी होईल. दुखणाईत माणसाने ‘जाऊ द्या बाई’ म्हणत तुमचीच समजूत घालायची, हे बरे नाही. त्याने आपणहून विचारलेच, तर मात्र खोटे बोलू नका. वर्गात परोपकार शिकवण्याचा हक्क तुम्ही गमावला आहे, असेही मला वाटत नाही. वर दिलेली प्रथमोपचाराची माहिती या आठवड्यात मुलांना सांगितलीत, तर तो पाठ अधिक खरा होईल.

आणि एक काम शाळेमार्फत करता येईल. महाराष्ट्राच्या महामार्ग पोलिसांनी मार्च २०२१ पासून ‘मृत्युंजय दूत’ नावाचा उपक्रम सुरू केला आहे. महामार्गालगतच्या गावांतील लोक, ढाब्यांवरचे आणि पेट्रोल पंपांवरचे कामगार यांना गटागटाने जखमीला उचलण्याचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यायचे, अशी त्याची रचना आहे. तुमच्या शाळेजवळच्या महामार्ग पोलीस मदत केंद्रात मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र देऊन पालकसभेच्या दिवशी असे प्रशिक्षण ठेवता येईल का, याची चौकशी करा. सर्व्हिस रोडवरच्या टपरीवाल्यांनाही त्या दिवशी बोलवा, कारण तुम्ही तिथून दिवसातून दोनदा जाता, ते मात्र दिवसभर तिथेच असतात.